लाकडाची साक्ष



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादी तरी अशी वस्तू असेल, की जिला बाजारात कोणी चार आणेही देणार नाही, पण जी हरवली तर घरातील माणसांना दोन दिवस अन्न गोड लागणार नाही. आजोबांचे कडा झिजलेले गीतांचे पुस्तक, आईने शेवटच्या आजारात हाती धरलेला रुमाल, गावच्या पडलेल्या घराची एखादी कडी. अशा वस्तू आपण का जपतो, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. गेली दोन वर्षे मात्र तो माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे, आणि त्याला कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे. ती मी पुढे सांगणारच आहे. पण ज्या प्रकारच्या वस्तूंच्या संबंधात ती घडली, त्यांच्याविषयी आधी थोडे बोलले पाहिजे. जुन्या, इतिहासात नाव मिळवलेल्या जहाजांच्या मोडीतून निघालेल्या लाकडाची जी स्मृतिचिन्हे करतात, त्यांच्याविषयी मी बोलत आहे.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर रॉदरहाइथ नावाचा भाग आहे. तेथील संत मरियेच्या नावाच्या देवळात एक प्रभुभोजनाचे मेज व बिशपांसाठी केलेल्या दोन खुर्च्या आहेत. पूर्वी त्या जवळच्याच दुसऱ्या एका उपासनामंदिरात होत्या. त्यांचे लाकूड 'टेमेरेअर' या लढाऊ जहाजाचे आहे. हे जहाज १७९८ साली पाण्यात उतरले, त्यावर ९८ तोफा होत्या, आणि १८०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईत सेनापती नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजाच्या पाठोपाठ ते शत्रूच्या रांगेत घुसले. १८३८ साली ते ५,५३० पौंडांना मोडीत विकले गेले आणि रॉदरहाइथच्या धक्क्यावर आणून सावकाश फोडण्यात आले. टर्नर या चित्रकाराने त्याच्या या शेवटच्या प्रवासाचे १८३९ साली जे चित्र प्रदर्शित केले, ते आपल्यापैकी अनेकांनी छापील स्वरूपात पाहिले असेल. काळ्या धुराची लहानशी वाफेची बोट पुढे, आणि तिच्यामागे उंच डोलकाठ्यांचे फिकट, भुतासारखे जहाज. खरी गोष्ट अशी की, त्या वेळी डोलकाठ्या काढून घेतलेल्या होत्या. चित्रकाराने त्या पुन्हा उभ्या केल्या. ही बारीकशी गोष्ट मला पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आपण ती लक्षात ठेवावी.

आता त्या मेजाचा विचार करा. ज्या फळ्यांवरून तोफा डागल्या गेल्या, त्या फळ्यांवर भाकर व द्राक्षारस ठेवला जातो. ट्रफाल्गरच्या दिवशी या एका जहाजावर ४७ माणसे मेली व ७६ जखमी झाली. समोरच्या जहाजांवर किती, त्यांची गणती वेगळीच. हे वाचले की, तरवारींचे फाळ करण्याचे संदेष्ट्याचे स्वप्न आपल्याला आठवते, आणि अरे, हे तर तेच झाले, असे वाटून आपण प्रसन्न होतो. मीही झालो होतो.

परंतु जहाजाची सगळी हकिकत एवढीच नाही. १८०१ सालच्या डिसेंबरात, आयर्लंडच्या बँट्री उपसागरात याच 'टेमेरेअर'वर बंड झाले. बंड म्हणजे काय, तर कित्येक वर्षे घर न पाहिलेले खलाशी फ्रान्सशी तहाची बोलणी झाल्याचे ऐकून घरी जाण्याची वाट पाहत होते, आणि त्यांना वेस्ट इंडिजकडे पाठवणार अशी कुणकुण लागताच त्यांनी नांगर उचलण्यास नकार दिला. त्यांच्या पुढाऱ्यांवर लष्करी खटला चालला, आणि १८०२ च्या जानेवारीत त्यांना फाशी देण्यात आले. त्यांपैकी काहींना त्यांच्याच जहाजावर. पुढे १८१३ पासून काही वर्षे हेच जहाज प्लिमथला युद्धकैद्यांचा तुरुंग म्हणून उभे होते. मेजाच्या फळ्यांत हेही आहे. लढाईत मेलेल्यांचे नाव घेताना सर्वांचा ऊर भरून येतो. घरी जाऊ द्या म्हणून फासावर गेलेल्यांचे नाव मात्र कोणी घेत नाही. तरी लाकूड एकच आहे. सुताराने चांगले लाकूड या बाजूला आणि वाईट त्या बाजूला असे काही वेगळे काढलेले नाही.

कोणी म्हणेल, मग असले लाकूड प्रभूच्या मेजाला वापरलेच का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. लढाईतील जयाला धर्माचा मुलामा देण्याची खोड ख्रिस्ती राष्ट्रांना फार जुनी आहे, आणि नावाने काही पवित्र होत नाही, हेही इतिहासाने दाखवले आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीने जॉन हॉकिन्स याला जे जहाज दिले आणि ज्यातून त्याने आफ्रिकेतील माणसे गुलाम म्हणून विकायला नेली, त्याचे नाव 'जीझस ऑफ ल्यूबेक' होते. प्रभूचे नाव डोक्यावर, आणि पोटात साखळदंडाने बांधलेली माणसे. अशा जहाजाची एखादी फळी सापडली आणि कोणी तिचा सुबक क्रूस करून आपल्याला दिला, तर आपण तो भिंतीवर लावू काय? मला वाटते, लावू नये असे नाही. पण तो लावणाऱ्याने कशासाठी लावला, हे त्याच्या मुलांना विचारता आले पाहिजे, आणि त्याला उत्तर देता आले पाहिजे.

यहोशवाच्या चौथ्या अध्यायात हीच गोष्ट आहे. यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणले, ते त्या धोंड्यांत काही सामर्थ्य होते म्हणून नव्हे. पुढे मुलांनी विचारावे, हे धोंडे कशाचे, आणि बापाने सांगावे, यासाठी. धोंडा हे निमित्त, मुलाचा प्रश्न व बापाचे उत्तर हे खरे स्मारक. उलट मोशेने रानात उभारलेल्या पितळी सर्पाचे काय झाले, पाहा. तोही आठवण म्हणूनच जपला गेला असावा. पण हिज्कीयाच्या काळापर्यंत लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते, आणि त्या नीतिमान राजाला तो फोडून टाकावा लागला. खुद्द मोशेच्या हातची, देवाच्या आज्ञेने केलेली वस्तू! एवढी अस्सल वस्तू दुसरी कोणती असेल? तिच्याविषयीचे सांगणे थांबले, आणि वस्तूच बोलू लागली.

जहाजांकडे परत येतो. नेल्सनविषयी एक हकिकत प्रसिद्ध आहे. १७९८ साली नाईल नदीच्या मुखाजवळील लढाईत 'लोरियाँ' हे फ्रेंच जहाज दारूगोळा पेटून उडाले, आणि त्यावरील शेकडो माणसे एका क्षणात गेली. त्याच्या डोलकाठीचा तरंगत आलेला तुकडा हॅलोवेल नावाच्या कप्तानाने बाहेर काढला, आपल्या सुताराकडून त्याची शवपेटी करविली, आणि ती आपल्या सेनापतीला भेट म्हणून पाठविली. नेल्सनने ती काही काळ आपल्या खोलीत, जेवणाच्या खुर्चीमागे उभी करून ठेवली होती म्हणतात. १८०६ च्या जानेवारीत संत पौलाच्या महामंदिरात त्याला पुरले, ते त्याच पेटीत. मला ही भेट नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. ती फुशारकी होती की मरणाचे स्मरण? शत्रूच्या लाकडात झोपणे म्हणजे त्याच्यावर शेवटचा जय मिळविणे, की त्याच्या शेजारी जाऊन पडणे? बहुधा देणाऱ्यालाही ते नक्की ठाऊक नसावे.

या मानाने सामान्य स्मृतिचिन्हांचा व्यवहार अगदी साधा असतो, आणि त्यात पैसा असतो. 'रॉयल जॉर्ज' हे जहाज १७८२ साली पोर्टस्मथजवळ, किनारा दिसत असताना, नांगरलेल्या स्थितीत बुडाले, आणि खलाशांबरोबर त्यांना भेटायला आलेल्या बायका-मुलेही बुडाली. सुमारे साठ वर्षांनी इंग्रजी सैन्यातील अभियंत्यांनी सुरुंग लावून त्याचा सांगाडा फोडला. वर आलेल्या ओकच्या लाकडाच्या तपकिरीच्या डब्या झाल्या, हातातील काठ्या झाल्या; इतकेच नव्हे, तर त्या बुडण्याची हकिकत छापून तिच्या लहान पुस्तकांना त्याच लाकडाचे पुठ्ठे बसविण्यात आले. पुस्तकाच्या आत मेलेल्यांची गोष्ट आणि बाहेर ते ज्यात मेले ते लाकूड. कोणाला हे किळसवाणे वाटेल. मला वाटत नाही. त्या पुठ्ठ्याला आत सांगण्यासारखे काही होते, आणि ते त्याने सांगितले. नुसत्या तपकिरीच्या डबीपेक्षा ते बरे.

कारागिरांच्या दृष्टीने हे काम सोपे नसते. शंभर-दीडशे वर्षे समुद्रात राहिलेला ओक इतका कठीण होतो की, पटाशीची धार पुन्हा पुन्हा लावावी लागते. जेथे लोखंडी खिळा होता, तेथे ओकमधील तुरट द्रव्य व लोखंड यांचा संयोग होऊन निळसर काळे डाग पडतात. पाण्याखालून काढलेले लाकूड घाईने वाळवले तर तडकते. सागवानाचे तसे नाही. त्याच्यात जे तेल असते, त्यामुळे लोखंड त्यात कमी गंजते, आणि इंग्रजांच्या नौदलाने मुंबईच्या गोदीत जहाजे बांधून घेतली, त्याला हेही एक कारण होते. चांगला कारागीर खिळ्याचे भोक व डाग रंध्याने पुसून टाकीत नाही. घेणारा त्या डागासाठीच पैसे देत असतो. तो डाग म्हणजे लाकडाची सही.

मुंबईचे नाव निघाले, तेव्हा एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. नेल्सनचे दुसरे एक जहाज 'फूद्रोयाँ' १८९२ साली जर्मनीतील मोडीवाल्यांना विकले गेले. लोकांत ओरड झाली, आणि व्हीटली कॉब नावाच्या एका गृहस्थाने ते सोडवून आणले. पुढे प्रदर्शनासाठी गावोगाव नेत असता १८९७ च्या जूनमध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर ते वादळात सापडून फुटले. कॉबने झालेला खर्च थोडाफार भरून काढण्यासाठी त्याच्या लाकडाचे फर्निचर व तांब्याची पदके करून विकली. आणि त्याच वर्षी त्याने मोडीत निघू घातलेले दुसरे एक जुने जहाज घेतले व गेलेल्याची आठवण म्हणून त्याला 'फूद्रोयाँ' हे नाव दिले. हे दुसरे जहाज म्हणजे १८१७ साली मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानातून बांधलेले 'त्रिंकोमाली'. जवळजवळ शतकभर ते परक्या नावाने जगले. १९९२ साली त्याचे मूळ नाव त्याला परत मिळाले, आणि दुरुस्त होऊन ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. त्याच्या कित्येक फळ्या आता नव्या आहेत. ग्रीक तत्त्ववेत्त्यांनी थिसियसच्या जहाजासंबंधी विचारलेला प्रश्न, एकेक फळी बदलत गेल्यावर जहाज तेच राहिले काय, येथे कोणीही उभा राहून विचारू शकतो. मला मात्र त्याच्या उलट बाजूचा प्रश्न अधिक छळतो: काढलेल्या फळीचे काय? ती तरी अजून जहाज आहे काय?

१९०५ साली ट्रफाल्गरची शताब्दी झाली, तेव्हा खलाशांमध्ये काम करणाऱ्या 'ब्रिटिश अँड फॉरिन सेलर्स सोसायटी' या ख्रिस्ती संस्थेने 'व्हिक्टरी' व 'फूद्रोयाँ' यांच्या तांब्याची पदके व इतर वस्तू विकून आपल्या कामासाठी पैसा उभा केला. पदकावर एवढेच लिहिलेले असे की, यात त्या जहाजांचे तांबे आहे. किती आहे, ते लिहिलेले नसे. हेतू चांगला होता आणि लिहिले होते ते खरे होते. याच 'फूद्रोयाँ'वर १७९९ च्या जूनमध्ये नेपल्सचा नौसेनापती काराच्चोलो याचा घाईघाईने खटला झाला आणि त्याच संध्याकाळी त्याला दुसऱ्या जहाजाच्या डोलकाठीच्या आडव्या वाशाला फाशी देऊन प्रेत समुद्रात टाकले, ही हकिकत पदकावर मावणारी नव्हती हे खरे. पण मावली असती तर ती कोणी घातली असती, असे मला वाटत नाही.

वाचकहो, अर्धसत्याचा प्रश्न येथे येतो, आणि खोटेपणाचा त्याच्या मागोमाग. प्रभूच्या वधस्तंभाचे म्हणून जे तुकडे युरोपभर जपले जात, त्यांवर इरास्मस याने सोळाव्या शतकात अशी कोटी केली होती की, ते सारे एकत्र केले तर मालवाहू जहाज भरेल. कॅल्विननेही १५४३ साली तशीच टीका केली. आपल्यातील प्रॉटेस्टंट वाचकांना ती ऐकून समाधान वाटत असेल, तर त्यांनी पुढचेही ऐकावे. १८७० साली रोओ द फ्लरी नावाच्या एका फ्रेंच अभ्यासकाने ज्ञात तुकड्यांचे आकारमान मोजले, आणि त्याच्या हिशेबाने ते सारे मिळून एका वधस्तंभाच्या शेकडा दोन-तीन टक्केच भरले. जहाजाची गोष्ट विनोदापुरती खरी होती. अर्थात तुकडे थोडे आहेत म्हणून ते खरे ठरत नाहीत. पण थट्टा करणाऱ्यानेही आधी मोजावे, एवढा धडा त्यात आहे.

आणि विद्वानांनाही मोह होतो. १९२० साली, 'मेफ्लॉवर' जहाजाच्या प्रवासाला तीनशे वर्षे झाली तेव्हा, रेंडेल हॅरिस या पवित्र शास्त्राच्या मोठ्या अभ्यासकाने असे प्रतिपादन केले की, इंग्लंडमधील जॉर्डन्स या खेड्यातील एका कोठाराच्या तुळया त्याच जहाजाच्या आहेत. कोठार त्याने शोधले, पुस्तक लिहिले, लोक पाहायला येऊ लागले. इतिहासकारांना हे पटलेले नाही. जुनी हस्तलिखिते तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो माणूस एका तुळईपुढे एवढा भोळा कसा झाला? मला त्याचे हसू येत नाही. त्याचे कारण आता सांगतो.

आमच्या मंडळीचा हीरक महोत्सव होता. प्रत्येक कुटुंबाला काही आठवण द्यावी असे ठरले, आणि ते काम माझ्याकडे आले. मुंबईतील जुन्या सामानाच्या एका बाजारात मला सागवानाचे जाड ठोकळे दिसले. दुकानदार म्हणाला, "पुराने जहाज का माल है, साहब." मुंबईत दारूखान्याला जहाजे मोडतात, त्यांचे सामान शहरात विकायला येते, तेव्हा गोष्ट अशक्य नव्हती. माझ्या डोक्यात तर 'त्रिंकोमाली' आधीपासूनच होते. मी ठोकळे घेतले, ओळखीच्या मिस्त्रीकडून शहाऐंशी लहान क्रूस करून घेतले, आणि प्रत्येकाबरोबर एक छापील चिठ्ठी दिली. हा क्रूस मुंबईच्या गोदीत बांधलेल्या एका जुन्या जहाजाच्या लाकडाचा आहे, असे तीत लिहिले होते. मुंबईची गोदी दुकानदाराने सांगितली नव्हती. बांधल्याचेही सांगितले नव्हते. त्याने एक शब्द दिला, वाक्य मी केले. टर्नरने डोलकाठ्या उभ्या केल्या त्या निदान चित्रात. मी त्या छापून वाटल्या.

चारपाच महिन्यांनी दानपेटी करण्यासाठी उरलेला ठोकळा घेऊन मी मिस्त्रीकडे गेलो, तेव्हा तो सहज म्हणाला, "साहेब, ही चौकट मोठ्या दाराची असणार. तसलं सागवान आता मिळत नाही." मी म्हटले, हे तर जहाजाचे लाकूड. तो हसला. त्याने मला बिजागरीची खाच दाखवली, आणि पाठीला भिंतीचा चुना अजून चिकटलेला दाखवला. मग आधी का नाही बोललास, असे मी विचारले, तर म्हणाला, "तुम्ही चिठ्ठीत काय लिहिलं, ते मला कुठं ठाऊक?"

मी हे मनात ठेवून गप्प बसलो असतो, याची मला जवळजवळ खात्री आहे. पण आमच्या मंडळीत एक आजी होत्या. त्यांचे यजमान मालवाहू बोटीवर कामाला होते. भर समुद्रात ते तापाने वारले, आणि तेथेच त्यांना जलार्पण केले गेले. आजींना ते पत्राने कळले. महोत्सवानंतर त्या मला म्हणाल्या होत्या, "ह्यांची कबर नाही, भाऊ. कुठं जाऊन फूल ठेवायचं? हे लाकूड पाण्यावर होतं, ह्यांच्यासारखंच." क्रूस त्या उशाखाली ठेवीत, आणि आपल्या शवपेटीत तो आपल्याबरोबर ठेवावा, असे त्यांनी लेकीला सांगून ठेवले होते.

मी एका वडीलधाऱ्या पाळकांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, सांगू नका. समाधान देवाने दिले, लाकूड निमित्त होते. निमित्त काढून घेऊन तुम्ही काय साधणार? त्यांचे म्हणणे प्रेमळ होते, आणि त्यात तथ्यही होते. समाधान जर खरोखर लाकडापलीकडून आले असेल, तर लाकूड खोटे ठरल्याने ते जाऊ नये. पण तसे आहे की नाही, याची परीक्षा एका म्हाताऱ्या विधवेवर करण्याचा मला काय अधिकार? दुसऱ्या बाजूने पाहिले, तर शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये अशी आज्ञा आहे, आणि मी छापील साक्ष दिली होती. ती कोणाविरुद्ध? पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की, कोणाविरुद्धही नाही. मग ध्यानात आले की, समुद्रात गेलेल्या त्या माणसाविरुद्ध. त्याच्या बायकोने त्याच्यासाठी जी एकच जागा राखून ठेवली होती, तेथे मी भलतेच काहीतरी आणून ठेवले होते. आणि गप्प राहून मी तिचे मन जपत होतो की माझे नाव, हा प्रश्न विचारला की उत्तर लगेच मिळत असे. म्हणूनच मी तो विचारीत नसे.

त्या दिवसांत रॉदरहाइथच्या मेजाचा विचार मी पुन्हा केला. ते मेज मला आता वेगळे दिसू लागले. तरवारींचा फाळ झाला, एवढ्यावर मी पूर्वी खूश होतो. पण ते मेज मान्य होण्यासारखे आहे, ते लाकूड शुद्ध झाले म्हणून नव्हे. त्या मेजाजवळ येणाराही काही शुद्ध असत नाही. पहिल्या प्रभुभोजनाच्या रात्री धरून देणाऱ्याचा हातही मेजावरच होता, असे लूक सांगतो, आणि प्रभूने ते झाकून ठेवले नाही. मेजावरच बोलून दाखवले. फाशी गेलेल्या खलाशांची गोष्ट त्या देवळात कोणी मुलांना सांगत असेल, तर ते लाकूड योग्य ठिकाणी आहे. सांगत नसेल, तर तेही माझ्या चिठ्ठीसारखेच.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी मंडळीपुढे चूक सांगितली. कोणी विशेष रागावले नाही. दोघातिघांनी चिठ्ठ्या परत आणून दिल्या, बाकीच्यांना त्या कुठे आहेत ते आठवतही नव्हते. आजी त्या दिवशी आजारामुळे आल्या नव्हत्या. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. लेकीने चहा ठेवला. मी पुष्कळ इकडचे तिकडचे बोललो आणि मग एकदाचे सांगितले: लाकूड जहाजाचे नाही, कोणत्या तरी घराच्या दाराची चौकट आहे, मी खात्री न करता लिहिले.

त्यांनी उशाखालून क्रूस काढला. बराच वेळ तो अंगठ्याने चाचपत राहिल्या. त्या रडतील, असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, "कुणाच्या घराची हो?"

मला ठाऊक नव्हते.

"चाळ पाडली असेल," त्या म्हणाल्या. "आणि माणसं कुठं गेली?"

तेही मला ठाऊक नव्हते. त्यांनी पवित्र शास्त्रात घडी करून ठेवलेली माझी चिठ्ठी काढून मला परत दिली, आणि क्रूस पुन्हा उशाखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी मी त्या बाजारात गेलो. दुकानदाराने मला ओळखले नाही. ते ठोकळे कोठून आले होते, असे मी विचारले, तेव्हा तो दाराशी उभ्या केलेल्या दुसऱ्या ठोकळ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, हेही जहाजाचेच आहेत.